दारव्हा तालुक्याच्या खानेसुमाऱ्या आणि कुलेतिहासाची साधने

मराठीत कुलवृत्तान्त लिहिण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चांगली रुजली आहे. तथापि हे ग्रंथ कोणाचे निघाले हे पाहिले, तर ज्यांच्या घरी सनदा, महजर, इनामपत्रे किंवा निदान जपून ठेवलेल्या वंशावळ्या होत्या, अशाच घराण्यांचे ते बहुतांशी आहेत. दारव्ह्यासारख्या तालुक्यातील कुणबी, माळी, तेली, बंजारा, महार, गोंड वा परधान कुटुंबाजवळ असे दप्तर सहसा नसते. आजोबांचे नाव, फार तर पणजोबांचे नाव, आणि ‘आपण मूळचे अमक्या गावचे’ एवढे एक वाक्य, ही त्यांची सारी शिदोरी. अशा कुटुंबातील एखादा जिज्ञासू आपल्या कुळाचा शोध घेऊ लागला म्हणजे त्याची दृष्टी प्रथम खानेसुमारीकडे वळते. सरकारने दर दहा वर्षांनी घरोघर माणसे पाठवून शिरगणती केली व नावे लिहून घेतली. तेव्हा ती नावे कोठे तरी दप्तरात असलीच पाहिजेत, असा त्याचा तर्क असतो. नावे लिहिली गेली होती हे खरे. ती टिकली नाहीत. खानेसुमारीत पूर्वजाचे नाव सापडत नाही. परंतु इतरत्र सापडलेल्या नावाची पारख करण्यास आणि ते कोठे शोधावे हे ठरविण्यास तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. हा भेद नीट ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळ श्रम वाया जातात, आणि अलीकडे तर त्यापायी हक्कही गमावले जातात.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके मिळून एक स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्यास पुढे वणीचे नाव मिळाले. इंग्रजी कागदांत ते ‘वून’ असे लिहीत. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्यातील पुसद तालुका इकडे जोडण्यात आला व जिल्हा यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणून १८८१, १८९१ आणि १९०१ च्या खंडांत यवतमाळ जिल्हा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेथे दारव्हा वणी जिल्ह्यात पाहावा लागतो. ग्रंथालयात खंड मागतानाही हेच पथ्य पाळले पाहिजे. १९०१ पर्यंतचे खंड वऱ्हाड प्रांताचे, १९११ ते १९४१ चे मध्यप्रांत व वऱ्हाडचे, १९५१ चा मध्यप्रदेशचा आणि १९६१ पासूनचे महाराष्ट्राचे. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे आकडे चार निरनिराळ्या नावांच्या कपाटांत विखुरले आहेत.

वऱ्हाडातील पहिली खानेसुमारी ७ नोव्हेंबर १८६७ च्या रात्री झाली व प्रांताची लोकसंख्या बावीस लाखांहून अधिक भरली. उर्वरित हिंदुस्थानात १८७१-७२ च्या सुमारास मोजणी झाली, तेव्हा वऱ्हाडात ती पुन्हा न करता १८६७ चेच आकडे घेण्यात आले. यामुळे १८७२ सालचा दारव्ह्याचा आकडा शोधणे व्यर्थ होय. तद्नंतर १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१ आणि १ मार्च १९०१ या रात्रींच्या मोजण्या झाल्या, आणि पुढे दर दहा वर्षांनी हा क्रम चालू राहिला. वऱ्हाडच्या १८८१ च्या खानेसुमारीचा अहवाल किट्स यांनी लिहिला. १९०१ चे काम अर्देशीर दिनशाजी चिनॉय यांच्याकडे होते. १९११ चा अहवाल मार्टेन यांचा, १९२१ चा रफटन यांचा व १९३१ चा शूबर्ट यांचा. या अहवालांतील जातिविषयक प्रकरणे आजही वाचनीय आहेत, मात्र ती प्रांतासंबंधी बोलतात. तालुक्याविषयी त्यांत तुरळक उल्लेखच मिळतात.

मोजणीची रीत समजून घेणे अगत्याचे आहे, कारण कोणता मजकूर कोठे गळाला हे त्यावरूनच कळते. आधी घरांवर क्रमांक घातले जात. मग पटवारी, शाळामास्तर किंवा गावातील एखादा लिहिता माणूस प्रगणक म्हणून नेमला जाई व तो प्राथमिक नोंद करून ठेवी. ठरलेल्या रात्री तो पुन्हा घरोघर फिरून मेलेल्यांची व परगावी गेलेल्यांची नावे काटी आणि नव्याने जन्मलेल्यांची व पाहुण्यांची नावे घाली. १९०१ च्या तक्त्यात नाव, धर्म, स्त्री की पुरुष, विवाहित की विधुर, वय, जात, धंदा, जन्मस्थान, भाषा, साक्षरता, इंग्रजीचे ज्ञान आणि अंधत्व, महारोग आदी व्यंगे अशी सदरे होती. आजच्या वंशशोधकास हा तक्ता हाती लागता तर याहून अधिक त्याने काय मागितले असते? परंतु त्यातही एक उणीव होती. घरातील बाईचे नाव सांगण्यास कोणी संकोच केला तर तेथे केवळ ‘स्त्री’ असे लिहावे, अशी प्रगणकास मुभा होती. म्हणजे हे कागद समूळ राहिले असते, तरी आजी-पणजींपैकी कित्येकींची नावे त्यांत मिळालीच असती असे नाही.

तक्ते गोळा झाल्यावर त्यांतील मजकुराची वर्गवारी होई. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत आली. चिठ्ठीवर नावाची गरज नव्हती. वय, जात, धंदा एवढे पुरे होते. नाव येथेच गळून पडले. गठ्ठे मोजून कोष्टके छापली गेली आणि मूळ तक्त्यांचे व चिठ्ठ्यांचे प्रयोजन संपले, सबब ते नष्ट करण्यात आले. इंग्लंडात १८४१ पासूनचे नाववार तक्ते राखून ठेवले गेले व शंभर वर्षांनी ते लोकांस खुले होतात. तेथे खानेसुमारी हे वंशशोधाचे पहिले साधन ठरले ते यामुळे. आयर्लंडात १८६१ ते १८९१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले, आणि तेथील संशोधकास १९०१ व १९११ च्या तक्त्यांवरच भिस्त ठेवावी लागते. हिंदुस्थानात एवढाही आधार उरला नाही. येथील सरकारास प्रजा किती व कशी हे जाणून घ्यावयाचे होते; कोण, हा प्रश्न त्याने सारा वसूल करणाऱ्या व पोलिसांच्या दप्तरासाठी ठेवला होता.

नाव शोधावयाचे ते त्याच दप्तरांत. विदर्भात ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात ती गावची जन्ममृत्यूची नोंदवही हे त्यांतील मुख्य साधन होय. तीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते. अमक्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली, एवढेच बापाच्या नावाने व जातीने लिहिलेले असते. बारसे होण्यापूर्वीच नोंद होत असल्यामुळे हे स्वाभाविक आहे, पण त्यामुळे चार भावांपैकी ही नोंद कोणाची, हे ठरविणे कठीण जाते. दुसरे साधन शाळेची दाखल-खारिज वही. तीत जन्मतारीख, जात व गाव मिळते. मात्र मास्तरांनी मुलाचे वय अंदाजाने घालण्याची चाल सार्वत्रिक होती, आणि बाहेरगावच्या शाळेत तर पालकाने सांगितले तेच खरे मानले गेले. तिसरे साधन जमिनीच्या कागदांचे: हक्कनोंदी, फेरफार, पेरेपत्रके. ज्याच्या नावे शेत होते त्याचा माग यांत पिढ्यान्‌पिढ्या लागतो, आणि ज्याच्या नावे नव्हते त्याचा एका ओळीपुरताही लागत नाही. मजुरावर जगणाऱ्या कुटुंबाचा इतिहास कोतवाल बुकाशिवाय लिहिता येत नाही तो या कारणाने. १९५१ च्या मोजणीच्या वेळी देशभर नागरिकांची एक नाववार नोंदवही गावोगाव उतरवून घेण्यात आली होती. खानेसुमारीच्या चिठ्ठ्यांतील नावे टिकली असतील तर ती या वहीतच. जेथे तिची प्रत अद्याप शिल्लक आहे तेथे ती अवश्य पाहावी.

या कागदांचे वाचन सोपे नाही. जुना मजकूर बहुधा मोडीत असतो. काही ठिकाणी फसली सन आढळतो. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले म्हणजे सामान्यतः इसवी सन येतो. आडनावाची अडचण याहून मोठी आहे. वऱ्हाडातील जुन्या नोंदींत स्वतःचे नाव, बापाचे नाव व जात एवढ्यावर भागे. आडनाव असेलच असे नाही, आणि असले तर बापाच्या वेळी एक व मुलाच्या वेळी दुसरे असेही घडते. गावावरून पडलेली आडनावे तर उलटीच वाट दाखवितात. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्यामुळे ‘दारव्हेकर’ हे आडनाव महाराष्ट्रभर परिचित झाले. पण दारव्ह्यातच राहणाऱ्यास कोणी दारव्हेकर म्हणत नाही. असे नाव गाव सोडून गेलेल्यास परगावी मिळते. सबब दारव्हेकरांचा शोध दारव्ह्यात संपतो, सुरू मात्र अन्यत्र होतो.

आता खानेसुमारीचा उपयोग येतो. समजा, एखाद्या कुटुंबाची अशी समजूत आहे की त्यांचे मूळ गाव दारव्हा तालुक्यात होते व ते ‘उठले’. अशा उजाड गावास विदर्भात रिठ म्हणतात. खानेसुमारीच्या गावयाद्यांत बेचिराग गावेही नमूद असतात, आणि एकापुढील एक याद्या लावून पाहिल्या म्हणजे वस्ती कोणत्या दशकात नाहीशी झाली हे कळते. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर उतरली. मध्ये १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ गेले. कुटुंबाच्या आठवणीतील ‘छपन्नाचा काळ’ संवत १९५६ चा, म्हणजे या दुसऱ्या दुष्काळाचा. त्याचप्रमाणे १९११ ते १९२१ या दशकात प्रांताची लोकसंख्या जवळजवळ जागच्या जागी राहिली, याचे मुख्य कारण १९१८ ची एन्फ्लुएंझाची साथ. कोतवाल बुकात १९१८ च्या अखेरीस एकाच घरातील तीन-चार मृत्यू लागोपाठ दिसले तर त्यात लेखनदोष शोधू नये. आणि वंशावळीत त्या सुमारास एक संपूर्ण शाखा खुंटलेली आढळली तर ती आठवणीची चूक असेलच असेही नाही.

गावयादी पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते, आणि दारव्हा-दिग्रस-पुसद या पट्ट्यात तर ती फारच महत्त्वाची आहे. खानेसुमारीचे एकक महसुली गाव हे असते. बंजारा तांडा हा बहुधा अशा गावाच्या शिवारात वसलेला असून त्याची लोकसंख्या मूळ गावाच्या आकड्यात मिळविली जाते. म्हणून तांड्याच्या नावाने यादी चाळणाऱ्या बंजारा कुटुंबास आपले नाव-गाव सरकारी कागदांत कधी नव्हतेच, असा ग्रह होतो. ते असते, पण नायकाच्या तांड्याच्या नावाने नव्हे, तर पाटलाच्या गावाच्या नावाने. त्यात जातीच्या नावाचाही घोटाळा आहे. बंजारा, लभाण, लमाणी ही एकाच समाजाची नावे म्हणून निरनिराळ्या लेखणींतून उतरली आहेत, आणि वंजारी हे नाव जुन्या लिखाणात कधी या समाजास तर कधी शेती करणाऱ्या स्वतंत्र वंजारी जातीस लावलेले दिसते. या समाजाची वंशपरंपरा ढाडी व भाट मुखोद्गत ठेवीत आले, जशी गोंडांची परधानांनी राखली. ते कथन कागदाच्या शेजारी ठेवून वाचले तर दोहोंचेही मोल वाढते. मौखिक म्हणून ते बाजूस सारणे हा कागदनिष्ठेचा अतिरेक होय.

तालुक्याच्या सीमांविषयीही सावधगिरी हवी. १९६१ च्या खानेसुमारीतील यवतमाळ जिल्ह्यात पाचच तालुके होते आणि दिग्रस व नेर ही गावे दारव्हा तालुक्यात मोडत. आज ती स्वतंत्र तालुक्यांची ठिकाणे आहेत. म्हणून जुन्या दारव्हा तालुक्याचा आकडा आजच्या दारव्हा तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहणे निरर्थक आहे. तुलना गावागावांची करावी. त्यासाठी १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका उपयोगी पडतात, कारण त्यांत गाववार आकडे दिलेले आहेत. १९५१ च्या पुस्तिकेत तर उपजीविकेचे आठ वर्ग करून स्वतःची जमीन कसणारे, कुळे, शेतमजूर व न कसणारे मालक यांची गणती वेगवेगळी दाखविली आहे. एखाद्या गावातील बहुसंख्य माणसे शेतमजुरांच्या वर्गात पडत असतील, तर त्या गावच्या कुळाचा शोध जमिनीच्या कागदांपासून आरंभू नये, हे त्यावरून कळते. जातवार आकडे मात्र जुन्या खंडांत मुख्यतः जिल्हावार आहेत. वणी वा यवतमाळ जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक होते एवढे त्यावरून समजते. दारव्ह्यातील अमक्या गावी ते होते की नाही, हे समजत नाही.

येथवरचा विचार केवळ संशोधनापुरता राहिला असता तर त्यात एवढी निकड नव्हती. परंतु जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात जुना कागद लागतो, आणि २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ नुसार सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा ठरलेल्या आहेत. त्या तारखांपूर्वीचा कागद आणि राहण्याचा पुरावा मागितला जातो. पणजोबांच्या नावाची एक ओळ मिळते की नाही यावर नातवाचे शिक्षण वा नोकरी अवलंबून राहते. अशा वेळी गॅझेटियर वा खानेसुमारीतील आकडा पुढे करण्याचा मोह होतो. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर मराठवाड्यात हैदराबाद गॅझेटियरची जी चर्चा झाली तीतही हीच गोष्ट पुढे आली. गॅझेटियर प्रदेशात कोण राहत होते हे सांगतो; अमका इसम त्यांपैकी होता हे सांगत नाही. त्यासाठी स्थानिक चौकशी व नाववार कागद लागतोच.

आकड्यावर विसंबल्याने उलट दिशेनेही अन्याय होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण दारव्हा तालुकाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात गोंड, कोलाम आदी जमातींना यवतमाळ जिल्ह्यात अनुसूचित जमात म्हणून जी मान्यता मिळाली ती केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीनच तालुक्यांपुरती होती. दारव्हा व पुसद त्यांतून वगळले गेले. एकाच रक्ताचे दोन भाऊ, एक यवतमाळ तालुक्यात व दुसरा हद्दीपलीकडे दारव्हा तालुक्यात. पहिला अनुसूचित जमातीचा, दुसरा नव्हे! १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. १९७१ मध्ये महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची संख्या सुमारे साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ मध्ये सत्तावन्न लाखांवर गेली. नैसर्गिक वाढीने दहा वर्षांत संख्या दुप्पट होत नाही. यात क्षेत्रबंधन उठल्याचा वाटा मोठा होता, आणि नामसाधर्म्यावर केलेल्या काही दाव्यांचाही त्यात भाग असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. तात्पर्य, १९५१, १९६१ वा १९७१ च्या पुस्तिकेत दारव्ह्याच्या एखाद्या गावापुढे अनुसूचित जमातीच्या रकान्यात शून्य दिसले, तर तेथे गोंड नव्हते असा अर्थ काढू नये. ते होते; गणतीच्या त्या रकान्यात बसत नव्हते. १९३१ पर्यंतचे खंड येथे अधिक विश्वसनीय ठरतात, कारण त्यांत जात-जमात विचारली गेली ती सवलतींची यादी तयार होण्यापूर्वी.

असाच दुसरा प्रसंग १९६१ चा. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती; १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली होती. विदर्भातील ज्या गावांत १९५१ साली अनुसूचित जातींची मोठी संख्या दिसते, तीच १९६१ साली एकदम घटलेली आढळते. माणसे गाव सोडून गेली नव्हती. त्यांनी धर्माच्या सदरात ‘बौद्ध’ असे सांगितले, आणि त्या वेळच्या आदेशानुसार बौद्धांस अनुसूचित जातीत धरीत नसत. ती दुरुस्ती १९९० मध्ये झाली. कुलेतिहास लिहिणाऱ्यास या घटीचा वाईट वाटण्याऐवजी उपयोग करून घेता येतो. आपल्या गावाने दीक्षा किती एकजुटीने स्वीकारली याची दहा वर्षांच्या आतली साक्ष त्याला या दोन पुस्तिकांच्या ओळींत मिळते. शाळेच्या वहीतही तोच खुणेचा दगड आहे: थोरल्या भावापुढे ‘महार’, धाकट्यापुढे ‘बौद्ध’. ही विसंगती नव्हे, तारीख आहे.

वयाच्या बाबतीत एक लहानशी सूचना पुरे. खानेसुमारीच्या वयोगटांत वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशा वयांची गर्दी नेहमीच असते, कारण लोक वय पूर्णांकात सांगत. कोतवाल बुकातील मृताचे ‘वय ६०’ हे त्याच मापाने वाचावे व जन्मवर्षात पाच-सात वर्षांची सवलत ठेवावी.

जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यातील कलम १५ अन्वये तिच्या नोंदवह्या व तक्ते पाहण्याचा अधिकार कोणास नाही आणि दिवाणी कामात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. माणसाने प्रगणकास निर्धास्तपणे खरे सांगावे यासाठी ती तरतूद आहे, व ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे कुटुंबाच्या इतिहासाचे ओझे गावच्या वह्यांवरच राहते. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद घेणाऱ्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख २०२५ मध्ये जाहीर झाली. तिच्यातूनही दारव्ह्याच्या वंशशोधकास आकडेच मिळतील. कोतवाल बुकांची पाने मात्र वाळवीने व दमट हवेने विरत चालली आहेत. त्यांतील मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि ज्या बाईच्या नावाच्या जागी ‘स्त्री’ एवढेच लिहिले गेले, तिचे नाव सांगू शकणारी शेवटची माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.